चवीच्या रकान्यातली टिक

आमच्या मॅडम रोज सकाळी सात वाजता आम्हा चौघींना दहा मिनिटं उभं करायच्या. त्याला त्या स्टँडअप म्हणायच्या. मोठ्या कंपन्यांत माणसं दिवसभर खुर्चीत बसतात, म्हणून मीटिंग तरी उभ्यानं घ्यावी, म्हणजे ती लवकर संपते, अशी त्यामागची कल्पना होती. आम्ही साडेपाचपासून शेगडीसमोर उभ्याच असायचो. सात वाजता ते उभं राहणं थांबवायचं आणि ओळीत येऊन मॅडमसमोर दुसरं उभं राहायचं.

शांताक्का एकदा म्हणाली, "मॅडम, आमची मीटिंग बसून घ्या की ओ. तेवढंच पायाला बरं."

मॅडमना फार आनंद झाला. "व्हेरी गुड फीडबॅक," म्हणाल्या, वहीत लिहून घेतलं, आणि दुसऱ्या दिवशी सात वाजता आम्ही परत ओळीत उभ्या राहिलो.

जे. पी. नगरात एका घराच्या तळमजल्यावर आमचं स्वयंपाकघर होतं. दुकान नव्हतं, पाटी नव्हती. ऑर्डर फोनवर यायची, डिलिव्हरीवाला अण्णा दारात येऊन नंबर ओरडायचा आणि डबा घेऊन जायचा. पुरणपोळी, थालीपीठ, झुणका, भरली वांगी, मसालेभात. पुण्या-मुंबईहून कॉम्प्युटरच्या नोकरीला आलेल्या मुलांना आईच्या हातचं खावंसं वाटलं की ती आमच्या हातचं मागवायची. डब्यावर छापलेलंच असायचं, "आईच्या हातचं". आमच्यात शांताक्काला मूलबाळ नव्हतं, आणि सगळ्यात जास्त पोळ्या तीच लाटायची.

मॅडमचं नाव मी लिहीत नाही. पहिल्याच दिवशी त्यांनी सांगितलं होतं, की इथे कुणी मोठं नाही, कुणी लहान नाही, मला मॅडम म्हणायचं नाही, नावानं हाक मारायची. आम्ही एकमेकींकडं बघितलं. रेणुका आणि तिची जाऊ हुबळीकडच्या, त्यांना मराठी समजायचं पण बोलताना अडायचं. त्यांना वाटलं आपल्याला काहीतरी चुकीचं ऐकू आलं. शेवटी शांताक्कानं कानडीत होकार भरला, "सरी मॅडम, नावानंच हाक मारू." तिथून पुढं चार वर्षं आम्ही त्यांना मॅडमच म्हणत राहिलो. आता माझ्या या वहीत तरी नाव कशाला घालू?

मूळच्या त्या पुण्याच्या. बेंगळूरला येऊन मोठ्या कंपनीत सोळा वर्षं नोकरी केली. कंपनीत त्यांचं काम काय, तर नोकरी करणाऱ्यांना त्यांची स्वतःची मूल्यं शोधून द्यायची. माणूस कामावर येताना ती घरी विसरून येतो म्हणे. हे काम करता करता एक दिवस त्यांच्या लक्षात आलं, की कंपनीची मूल्यं आणि आपली मूल्यं जुळत नाहीत. मग त्यांनी नोकरी सोडली आणि पुरणपोळीकडं वळल्या. शांताक्काला हे सगळं मीच समजावून सांगितलं. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "आमटीत मीठ कमी हाय हे आपल्याला एका घासात कळतंय. यांना सोळा वर्षं लागली व्हय?"

पण माणूस वाईट नव्हतं. मॅडम कधी आवाज चढवून बोलल्या नाहीत. शेगड्यांच्या डोक्यावर मोठे पंखे बसवले. डालडा आत येऊ दिला नाही. आमच्या डब्यासाठी वेगळा फ्रिज घेतला आणि त्यावर आमची नावं चिकटवली. रागावायचं झालं तरी त्याची एक पद्धत होती. आधी एक चांगलं सांगायचं, मग चुकलेलं सांगायचं, मग परत एक चांगलं सांगायचं. म्हणजे ऐकणाऱ्याला लागत नाही. "शांताक्का, तुमची एनर्जी मला फार आवडते. काल थालीपीठ करपलं होतं. आणि हो, साडी छान आहे." पाच-सहा वेळा असं झाल्यावर शांताक्काला त्यातली मेख कळली. मॅडम समोर आल्या की ती हातातलं उलथनं न सोडता म्हणायची, "मधलं तेवढं सांगा मॅडम. गॅस चालू हाय."

आणखी एक गोष्ट. पुरणपोळीचा धंदा करणाऱ्या या बाईंनी गहू, गूळ, साखर आणि भात सोडलेला होता. तूप तेवढं खायच्या, तेही काळ्या कॉफीत चमचाभर घालून. त्यामुळं पहिली दोन वर्षं आमच्या हातचा एकही पदार्थ त्यांनी खाल्ला नाही. तो कसा झालाय, हे त्या गिऱ्हाइकांनी फोनवर दिलेल्या चांदण्या मोजून सांगायच्या. पाच चांदण्या म्हणजे उत्तम. चार म्हणजे सातच्या मीटिंगला विषय.

आत शिरल्याबरोबर भिंतीवर एक पांढरा फळा होता. मधे उभी रेघ. रेघेच्या एका बाजूला लिहिलं होतं "मूल्ये" आणि दुसऱ्या बाजूला "सुधारणा". तिथं मॅडम पिवळ्या चिकट चिठ्ठ्या लावायच्या. पहिल्याच महिन्यात एका दुपारी त्यांनी आम्हाला, यावेळी खरंच, बसवलं आणि म्हणाल्या, की आज प्रत्येकीनं आपलं एक मूल्य शोधायचं.

"साधा प्रश्न आहे," मॅडम म्हणाल्या. "असं काय आहे, जे कितीही झालं तरी तुम्ही करणार नाही? कुणी कितीही सांगू दे, कितीही घाई असू दे. नाही म्हणजे नाही."

शांताक्कानं पदराला हात पुसले. मग रेणुका म्हणाली, "नणंदेच्या घरी राहायला जाणार नाही."

"छान. पण कामाच्या संदर्भात सांगा ना."

"कामाला पण जाणार नाही," रेणुका म्हणाली.

शांताक्कानं सांगितलं, "पगार एक तारखेला." मॅडमनी समजावलं की ही अपेक्षा झाली, मूल्य नाही. शांताक्का म्हणाली, "मग आमचं काय असतंय ते तुमीच लिवा." तेव्हा तिला "टीमवर्क" मिळालं. रेणुकाला "पॅशन" मिळालं, कारण ती पोळी लाटताना ओठ घट्ट मिटायची. तिच्या जावेला "पॉझिटिव्हिटी". ती काही बोलतच नसे, त्यामुळं तिच्या बाबतीत अडचण आली नाही.

माझी पाळी आली. मला चार माणसांत बोलता येत नाही. माझ्या मनात उत्तर नव्हतं असं नाही. पण ते इतकं साधं होतं, की मोठ्यानं बोलले तर सगळ्या हसतील असं वाटलं. मी मान खाली घातली.

"वेळ घ्या," मॅडम प्रेमानं म्हणाल्या आणि माझ्या नावाची कोरी चिठ्ठी मूल्यांच्या बाजूला लावून दिली. ती दोन वर्षं कोरी राहिली. मधेमधे डिंक सुकून खाली पडायची, मग मीच उचलून परत लावायची.

कोरी चिठ्ठी माझी असली, तरी लिहिता येणारी त्या स्वयंपाकघरात मी एकटीच होते. निपाणीकडच्या आमच्या गावात मराठी शाळेत मी चौथीपर्यंत शिकले. नंतर पेन हातात आलं ते रेशनच्या दुकानात, सहीपुरतं. मॅडमना हे कळल्यावर त्यांनी माझ्यासाठी म्हणून मराठीत एक तक्ता बनवला. रोज एक कागद. डावीकडं पदार्थाचं नाव आणि पुढं रकाने, "हात धुतले", "मोजून घेतलं", "चव बघितली", "डबा बंद केला". प्रत्येक काम झालं की त्या रकान्यात टिक करायची. फाइल शेगडीशेजारी खिळ्याला टांगलेली असायची आणि तिला दोरीनं बांधलेलं एक निळं पेन. मॅडमनी सगळ्यांसमोर सांगितलं, "हे पेन यांचं. दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही."

मला त्या पेनाचं काय वाटायचं हे मी कुणाला सांगितलं नाही. घरी जायच्या आधी मी दोरी नीट गुंडाळून ठेवायची. रेणुकाची जाऊ एकदा त्या पेनानं पाठ खाजवायला निघाली, तेव्हा मी तिचा हात धरला होता. माझ्यासारखीनं हात धरला म्हणून तीच घाबरली.

आता यात माझी चोरी कुठं होती ते सांगते.

रोजच्या दिवशी मी खरंच चव बघायची. थेंबभर तळहातावर घ्यायचं, चाखायचं, टिक करायची. पण सणाच्या दिवशी देवाला नैवेद्य दाखवल्याशिवाय आम्ही चौघींपैकी कुणीच चव बघत नाही. आईनं कधी बघितली नाही, सासूनं बघितली नाही. मिठाचा अंदाज वासावर, गुळाचा रंगावर, पुरण झालं की नाही हे पळीवर. फडताळावर आम्ही यल्लम्माचा छोटा फोटो ठेवला होता. पूर्ण पान वाढून नैवेद्य व्हायला दुपारचे बारा वाजायचे आणि डबे तर दहालाच निघायचे. मग त्या दिवशी चवीच्या रकान्यात काय लिहायचं? मॅडमना सांगायचं तर बोलावं लागलं असतं. टिक करायला बोलावं लागत नाही. मी टिक करायची. पाडवा, पंचमी, गौरी, दसरा, दिवाळी. दोन वर्षांतल्या सगळ्या सणांच्या टिका खोट्या होत्या, आणि रोजच्या टिकांपेक्षा त्याच जास्त ठसठशीत होत्या.

काही बिघडलं नाही. आमचे अंदाज चुकत नसत. बिघडलं ते मॅडमनी पातेली बदलल्यावर.

आधीची आमची पातेली पोचे पडलेली होती. पुरणाच्या डाळीच्या पातेल्याला काठावर मोठा पोचा होता आणि वरणाच्या पातेल्याचा एक कान तिरका होता. अंधारात हात लावला तरी कळायचं. मॅडमना एकदा ते बघून वाईट वाटलं. त्यांनी सगळी पातेली भंगारात घातली आणि एकसारखी, एकाच मापाची, चकचकीत नवीन आणली. प्रत्येकावर इंग्रजीत चिठ्ठी, पी-एक, पी-दोन. "आता गोंधळच होणार नाही," म्हणाल्या.

त्या वर्षी पाडव्याला, म्हणजे इथल्या उगादीला, इंदिरानगरच्या एका कंपनीची दोनशे पोळ्यांची ऑर्डर आली. त्या लोकांना सणाची सुट्टी नव्हती. सुट्टीच्या बदल्यात पुरणपोळी होती. आम्ही पहाटेच आलो. दोन शेगड्यांवर दोन सारखी पातेली, दोन्हीत डाळ. शांताक्कानं वरणाची समजून एकीत मूठभर मीठ टाकलं. ती पुरणाची होती. हे तेव्हा कुणाच्याच लक्षात आलं नाही. डाळ शिजली, कट काढला, गूळ पडला, वेलची पडली, वास नेहमीसारखा सुटला. मी फाइल काढली आणि चवीच्या रकान्यात टिक केली.

दहाला डबे गेले. बाराला आम्ही पान वाढलं, यल्लम्माला नैवेद्य दाखवला आणि जेवायला बसलो. पहिला घास शांताक्कानं घेतला. ती चावायची थांबली. मग रेणुका थांबली. मी घास तोंडात घातला आणि मलाही कळलं. पोळी अगदी फेकून देण्यासारखी नव्हती. गोड लागायची आणि मागून समुद्रासारखं काहीतरी यायचं.

"देवी काही बोलली नाही बघा," शांताक्का हळूच म्हणाली.

"देवी पैसे देऊन घेत नाही," रेणुका म्हणाली.

आम्ही फोनची वाट बघत बसलो. मी सारखी खिळ्याकडं बघत होते. माझ्या डोक्यात एकच, आता मॅडम फाइल उघडणार, चवीच्या रकान्यावर बोट ठेवणार आणि पेन माझ्या हातातून जाणार. नोकरीही गेली असती, पण खोटं कशाला सांगू, मला आधी पेन आठवलं.

दोन वाजता मॅडम धावतच आत आल्या. हातात फोन. डोळ्यात पाणी होतं.

"ऐका, ऐका. काय लिहिलंय बघा. अशी पुरणपोळी आयुष्यात खाल्ली नाही. गोड आणि खारट यांचा असा मेळ! पाच चांदण्या. पुढच्या महिन्यात परत पाहिजे, हीच पाहिजे." मॅडमनी वर बघितलं. "आपण पुरणात मीठ घालतो? मला माहीतच नव्हतं. ही तुमच्या बॉर्डरकडची पद्धत आहे का?"

रेणुकानं माझ्याकडं बघितलं. मग शांताक्का म्हणाली, "हाय की ओ मॅडम. आमच्याकडं अशीच करतात. पहिल्यापासनं."

मॅडमनी दोन्ही हात छातीवर ठेवले.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला मीटिंग झाली नाही. त्याऐवजी खिडकीत गोल दिवा लावलेला होता, समोर तीन पायांवर फोन. मॅडमनी एक हिरवी नऊवारी आणि एक नथ आणली होती. व्हिडिओ करायचा होता. खाऱ्या पुरणपोळीची गोष्ट सगळ्या बेंगळूरला सांगायची होती.

"शांताक्का बोलक्या आहेत," मॅडम म्हणाल्या, "पण त्या कॅमेऱ्यात नाटकी वाटतील. मला अस्सल चेहरा हवाय." आणि त्यांनी माझ्याकडं बघितलं. "तुम्ही लाजता ना, तेच फार खरं वाटतं."

मला नऊवारी नेसवून नथ अडकवली; माझ्या आईनं जन्मात नथ घातली नव्हती. मला कागद देण्यात आला. त्यावर मला वाचता यावं म्हणून मोठ्या अक्षरात लिहिलं होतं, "नमस्कार. आमच्या गावात पुरणात मीठ घालायची जुनी पद्धत आहे. मला माझ्या आईनं शिकवली. प्रत्येक पोळीची चव मी स्वतः बघते."

मी तो दोनदा वाचला. नमस्कारानंतरचं वाक्य शांताक्काचं होतं, तिनं मला वाचवायला म्हटलेलं. तिसऱ्यात माझी आई होती. चौथं वाक्य मीच दोन वर्षं कागदावर लिहीत आले होते, आता फक्त तोंडानं म्हणायचं होतं. कागदावर एक टिक करणं आणि आईचं नाव घेऊन माणसांना सांगणं, यात एवढा फरक असेल असं मला आधी वाटलं नव्हतं.

"रेडी?" मॅडम म्हणाल्या. फोनवर लाल ठिपका लागला.

"नाही," मी म्हणाले.

"पाणी हवंय का? वेळ घ्या."

"नाही मॅडम. मी म्हणणार नाही."

मी शेगडीच्या पायाकडं बघत बोलत होते. तिथं पिठाची एक रेघ सांडली होती, ती मला अजून आठवते. मी म्हणाले, "आमच्याकडं पुरणात असं मीठ घालत नाहीत. कुणी घातलं तर सासू हसेल. ते चुकून पडलं. आणि मी चव बघितली नव्हती."

मॅडमनी फोन बंद केला. "पण टिक आहे. मी कालच फाइल बघितली. टिक आहे."

"सणाला आम्ही नैवेद्याच्या आधी चव बघत नाही. कोणत्याच सणाला बघितली नाही."

"कोणत्याच?" मॅडमनी फाइल खिळ्यावरून काढली. त्या पानं उलटत राहिल्या. दिवाळी, दसरा, गौरी. प्रत्येक पानावर माझी निळी, ठसठशीत टिक. त्यांचा चेहरा असा झाला, की शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. "दोन वर्षं? मला सांगितलं का नाही? मी रोज विचारत होते."

"तुम्ही विचारलं नव्हतं मॅडम," मी म्हणाले. "कागदानं विचारलं होतं."

इतकं मी त्यांच्याशी चार वर्षांत एकदाच बोलले. शांताक्का मधे पडली, "तिला काही म्हणू नगा. मीठ मी टाकलं. पातेली सगळी सारखी, त्याच्यावरचं तुमचं ते इंग्लिश मला वाचता येत नाही. आणि काल खोटं बोललो तेबी मीच."

मॅडमनी फाइल मिटून ओट्यावर ठेवली. मी नथ काढून ओट्यावर ठेवली. मग फाइलची दोरी सोडली आणि पेन नथीशेजारी ठेवलं. दोरी सोडताना गाठ सुटेना, कारण ती रोज मीच घट्ट करत होते.

मॅडम स्टुलावर बसल्या. "कालची पोळी उरलीय का?" त्यांनी विचारलं.

फ्रिजमध्ये दोन होत्या. रेणुकानं गरम करायला तवा ठेवला, तर मॅडम म्हणाल्या, "राहू दे." थंड पोळीचा त्यांनी मोठा घास तोडला. गहू, गूळ, सगळंच. आम्ही चौघी बघत होतो. दोन वर्षांत पहिल्यांदा आमची मालकीण आमच्या हातचं खात होती, आणि नेमकं हे.

त्यांनी अख्खी पोळी संपवली. तोंड वाकडं केलं नाही. मग म्हणाल्या, "खारट आहे."

"आहे," शांताक्का म्हणाली.

मॅडम उठून दारात गेल्या आणि त्यांनी इंदिरानगरच्या कंपनीतल्या, ऑर्डर देणाऱ्या माणसाला फोन लावला. बोलणं इंग्रजीत झालं. मला त्यातलं साधारण तीन वेळा "सॉरी" आणि दोन वेळा "मिस्टेक" कळलं. त्यांचा आवाज सातच्या मीटिंगमधल्यासारखा नव्हता. आधी गोड, मग मधलं, मग परत गोड असंही काही नव्हतं. मधलंच तेवढं होतं. भिंतीवर "पारदर्शकता" असा शब्द पहिल्या दिवसापासून लावलेला होता. तो कामी आलेला मी तेवढा एकदाच बघितला.

पलीकडचा माणूस मोठ्यानं हसलेला आम्हालाही ऐकू आला. तो म्हणाला म्हणे, चूक असू दे, पण परत तीच करा.

आता मॅडमची पंचाईत झाली. खोटं सांगवेना आणि ऑर्डर सोडवेना. शेवटी त्यांनी यादीत तिचं नाव घातलं "चुकलेली पोळी". खाली खरी हकीकत, कुणाचंही नाव न घेता. ती पोळी पुढं इतकी खपली, की आम्ही दर गुरुवारी चूक करायला लागलो. त्यासाठी मॅडमनी वेगळा चमचा आणला. एक किलो डाळीला इतकी चूक, असं मोजून. मोजून केल्यावर ती पहिल्यासारखी होत नाही, असं शांताक्काचं म्हणणं. मूठ ती मूठ.

पण हे नंतरचं. त्या दिवशी फोन ठेवल्यावर मॅडम ओट्यापाशी आल्या. मला वाटलं, आता घरी जायला सांगणार. त्यांनी पेन उचललं, पट्टी घेतली आणि तक्त्यावर चवीच्या आधी एक नवीन रकाना आखला. वर लिहिलं, "नैवेद्य".

"देवीला बाराच वाजता लागतो का?" त्यांनी विचारलं. "पुरण झालं की सहा वाजता वाटीभर पुरण आणि एक पोळी दाखवली तर चालणार नाही? पूर्ण पान बाराला वाढा. पण पहिलं तिला, मग चव, मग डबा."

आम्ही चौघी एकमेकींकडं बघत राहिलो. दोन वर्षं आम्ही जे लपवत होतो ते या बाईनं पट्टीनं एक रेघ मारून सोडवलं. चालणार नाही का, हे आम्ही कधी कुणाला विचारलंच नव्हतं. देवीलाही नाही.

"चालतंय की," शांताक्का म्हणाली. "न चालायला काय झालं?"

मॅडमनी पेन परत दोरीला बांधलं. त्यांना गाठ मारता येत नव्हती. मी नंतर नीट केली. मग त्या फळ्यापाशी गेल्या, माझी दोन वर्षांची कोरी चिठ्ठी काढली आणि तिच्यावर लिहिलं, "सणाला आधी चव बघत नाही." चिठ्ठी हातात धरून त्या बराच वेळ उभ्या राहिल्या. मूल्यांच्या बाजूला नेली, मग सुधारणांच्या बाजूला नेली.

"खोटी टिक केलीत," मॅडम म्हणाल्या. "ते मी विसरणार नाही."

"हो मॅडम."

"आणि आज नाही म्हणालात. तेही विसरणार नाही."

मग त्यांनी ती चिठ्ठी बरोबर मधल्या रेघेवर लावली. अर्धी इकडं, अर्धी तिकडं. "हे मी अजून ठरवलेलं नाही," म्हणाल्या. पुढची दोन वर्षं त्यांचं ठरलं नाही. दर सोमवारी त्या फळा पुसायच्या, बाकीच्या चिठ्ठ्या इकडच्या तिकडं व्हायच्या. माझी रेघेवरच.

नंतर स्वयंपाकघर बंद झालं. मॅडमना परत एका मोठ्या कंपनीनं बोलावलं, देवनहळ्ळीच्या बाजूला कुठंतरी, पहिल्यापेक्षा वरच्या जागेवर. यावेळी कंपनीची मूल्यं जुळली म्हणे. शेवटच्या दिवशी त्यांनी आम्हाला बसवून चहा दिला, प्रत्येकीला तिची चिठ्ठी दिली आणि मला चिठ्ठीबरोबर पेनही. शांताक्कानं "टीमवर्क" घरी नेऊन सिलिंडरच्या नळीला लावलं, म्हणजे नळी कधी बदलली ते लक्षात राहतं.

परवा तिला मॅडमचा फोन आला होता. तिनं मला सांगितलं, "तिथं साहेबलोकांना शिकवताना मॅडम तुझी गोष्ट सांगतात म्हणे. गोष्टीत तू लई धीट हाईस. त्यांच्या डोळ्याला डोळा लावून बोललीस म्हणे."

"मी तर शेगडीच्या पायाकडं बघत होते."

"ते त्यांना कुठं दिसलं? त्या फोनमधून बघत होत्या."

आता मी एका घरी स्वयंपाकाला जाते. तिथं तक्ता नाही, रकाने नाहीत, मला कुणी माझं मूल्य विचारत नाही. पाडव्याला पुरण झालं की मी आधी वाटीभर देवापुढं ठेवते, मग कणभर तळहातावर घेऊन चाखते. घरी येऊन या वहीच्या शेवटच्या पानावर, त्याच निळ्या पेनानं, एक टिक करते. ती बघायला कुणी येणार नाही. त्या पानावर अजून एकही खोटी नाही.